बंड्याचा विमा

गेल्या ज्येष्ठात आमच्या वस्तीवर एक पाहुणा आला आणि तो राहिलाच. कोकणातून परतणारा मेंढरांचा एक वाडा आमच्या रिकाम्या रानात तीन रात्री बसला होता. लेंडीखताच्या बदल्यात धान्य द्यायचे, हा आमच्याकडचा जुना व्यवहार. जाताना म्हाताऱ्या मेंढपाळाने घोंगडीच्या खोळीतून एक तांबूस पिल्लू काढले आणि आईपुढे ठेवले.

"आक्का, ह्येची आई लांडग्याम्होरं उभी ऱ्हाती. ठिवा, रानाला राखण व्हईल."

हे नुसते कौतुक नव्हते. इंदापूर तालुक्यातल्या माळांवर, कडबनवाडीच्या बाजूला, लांडगा अजून आहे आणि मेंढपाळाला तो पुस्तकातून ठाऊक झालेला नाही. पिल्लू दीड महिन्याचे असेल. दोन दिवसांत त्याचे नाव बंड्या पडले.

त्याच आठवड्यात पुण्याहून मुलाचा फोन आला. पिल्लाची बातमी ऐकून तो म्हणाला, "आबा, त्याचा विमा काढून टाका. इथं आमच्या सोसायटीत बरेच जण काढतात."

मी मोठ्याने हसलो. आई ओट्यावरून म्हणाली, "माणसांचा काढला का आधी?"

पण फोन ठेवल्यावर हसू ओसरले. तीस वर्षे मी गावोगाव दुसऱ्यांना विमा काढायला सांगत आलो आहे. 2016 साली पंतप्रधान पीक विमा आला तेव्हा सांगितले. 2023 मध्ये एक रुपयात पीक विमा झाला तेव्हा वेगळे सांगायची गरजच पडली नाही, आणि 2025 च्या खरिपापासून तो बंद होऊन शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा सुरू झाला तेव्हा लोकांची तोंडेही मीच पाहिली. गाईच्या विम्याबद्दल तर मी सभेत तावातावाने बोलतो. त्याला कारण आहे.

2011 मध्ये आमची एक संकरित गाय गोचीड तापाने गेली. विमा होता, हप्ता भरलेला होता. पण कानातला बिल्ला दोन महिन्यांपूर्वी गव्हाणीच्या तारेत अडकून तुटला होता. तो कळवून नवा मारून घ्यायचा, हे मी दहा गावांत सांगितले होते आणि स्वतःच्या गोठ्यात विसरलो होतो. बिल्ला नाही तर दावा नाही. कंपनीचा त्यात दोष नव्हता. तेव्हापासून आमच्या मंडळी धारेला बसण्यापूर्वी गाईचा कान बघतात, आणि मग माझ्याकडे बघतात.

तेव्हा कुत्र्याच्या विम्याची चौकशी करायला काय हरकत आहे, असे म्हणून एका कामाच्या दिवशी बारामतीला विमा कचेरीत डोकावलो.

आधी सरकारी योजनेचे सांगतो, कारण आपल्या माणसाचा पहिला प्रश्न तोच असतो. राष्ट्रीय पशुधन अभियानात जनावरांच्या विम्याला अनुदान आहे. 2024 मध्ये केंद्राने पशुपालकाचा हिस्सा हप्त्याच्या पंधरा टक्क्यांवर आणला. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, घोडा, गाढव, उंट, डुक्कर, अगदी ससासुद्धा त्यात बसतो. कुत्रे बसत नाही. म्हणजे मेंढपाळाची मेंढी विम्यात आणि मेंढी राखणारा विम्याबाहेर. लिहिणाऱ्याने माळ पाहिलेला नसावा. 2022 साली लम्पी आला तेव्हा राज्य सरकारने दुभत्या गाईला तीस हजार, बैलाला पंचवीस हजार आणि वासराला सोळा हजार अशी मदत ठरवली होती. जनावराला किंमत असते म्हणून असे आकडे ठरवता येतात.

कुत्र्याचा विमा निघतो, पण तो अनुदानाविना. अर्जात पहिला अडथळा किमतीच्या रकान्याचा. बंड्याची किंमत काय लिहू? समजा पाच हजार धरली आणि शेकडा पाच दराने हप्ता बसला, तर वर्षाला अडीचशे रुपये. रक्कम जड नाही. पण बंड्या मेला तर ते पाच हजार घेऊन मी दुसरे पिल्लू विकत आणणार आहे का? पुढल्या ज्येष्ठात पुन्हा एखादा वाडा बसेलच.

दुसरी अट लसीची. पार्व्हो, डिस्टेंपर, रेबीज या रोगांनी कुत्रे दगावले तर लस दिल्याचा दाखला असेल तरच पैसे. अट रास्त आहे. पण पिल्ले मरतात ती बहुतेक यांनीच. लस वेळेवर दिली तर त्या मरणाची भीती फारशी उरत नाही, आणि दिली नाही तर विम्याचा उपयोग उरत नाही. पुण्यामुंबईत ज्यांनी जातिवंत कुत्रे पंचवीस-तीस हजारांना घेतले आहे, एका आजारपणात ज्यांचे दहा-वीस हजार जातात, त्यांनी आजाराच्या खर्चासह विमा जरूर घ्यावा. मुलाच्या सोसायटीतले लोक काही मूर्ख नाहीत.

मी उठणार, तेवढ्यात तिथले गृहस्थ म्हणाले, "साहेब, काही पॉलिसींत आणखी एक सोय असते. कुत्रं तिसऱ्या माणसाला चावलं आणि तुमच्यावर भरपाईची कायदेशीर जबाबदारी आली, तर तीही मिळते."

मी पुन्हा खुर्चीत बसलो. कारण मला मोत्या आठवला.

मोत्या हा आमचा आधीचा कुत्रा. 2016 चा गळीत हंगाम. आमचा ऊस तुटत होता, बीड जिल्ह्यातली टोळी होती, बांधाला कोप्या पडल्या होत्या. सहा-सात वर्षांची एक मुलगी कळशी घेऊन आमच्या हौदावर आली. मोत्या भाकरी खात होता. ती त्याच्या फार जवळून गेली आणि त्याने तिची पोटरी धरली. मी धावत पोहोचलो तोवर आईने तिच्या जखमेत तिखट भरले होते. मी ते धुऊन काढले. साबण लावून, वाहत्या पाण्याखाली, पंधरा मिनिटे. हे प्रत्येक घराने ध्यानात ठेवावे: तिखट नाही, चुना नाही, तेल नाही, फक्त साबण आणि पाणी, आणि मग लगेच दवाखाना. पोर किंचाळत होती. तिच्या बापाने कोयता खाली ठेवला आणि विचारले, "साहेब, कुत्र्याला सुई दिलीय का?"

गाईंना लाळ्या-खुरकुताची लस मी एकदाही चुकू दिली नव्हती. मोत्याला एकही दिली नव्हती. "नाही" म्हणताना धरणीने पोटात घ्यावे असे झाले.

दवाखान्यात तिच्या जखमेत सीरम दिले, लस सुरू केली. पोटातली चौदा इंजेक्शने केव्हाच गेली, आता दंडाला देतात. पण पहिल्या दिवसानंतर तिसरा, सातवा, पुढे अठ्ठाविसाव्यापर्यंत तारखा पाळाव्या लागतात. डॉक्टरांनी सांगितले, कुत्रे बांधा आणि दहा दिवस बघा. दहा दिवस ते धडधाकट राहिले, तर चावताना त्याच्या लाळेत रोग नव्हता असे समजायचे. मात्र त्यासाठी इंजेक्शन थांबवून वाट बघत बसायचे नाही. रेबीजची लक्षणे माणसात एकदा दिसली की मग जवळजवळ कोणी वाचत नाही.

ते दहा दिवस मी विसरलेलो नाही. पहाटे उठून मी आधी मोत्यापुढे पाण्याची वाटी ठेवी. मुलीचा बाप फडात जाण्यापूर्वी बांधावर येऊन उभा राही. मोत्या पाणी प्यायला की काही न बोलता निघून जाई. आठव्या दिवशी टोळी दुसऱ्या गावाला हलली, तरी तो दोन दिवस सायकलीवर आला. पुढची इंजेक्शने मी मोटारसायकलवरून नेऊन दिली. प्रत्येक खेपेला बापाचा अर्धा दिवस बुडे. मी मजुरी दिली, ती त्याने खाली मान घालून घेतली. मान खरे तर माझी खाली असायला हवी होती. मुलीला काही झाले नाही. मोत्याही पुढे म्हातारा होऊन गेला.

आता विमा कचेरीतल्या त्या कलमाचा विचार करा. कायदेशीर जबाबदारी आली तर पैसे. म्हणजे चावलेल्या माणसाने मागणी केली पाहिजे, नोटीस दिली पाहिजे, प्रसंगी कोर्टात गेले पाहिजे. तो बीडचा माणूस कोणत्या कोर्टात जाणार होता? आपल्या वस्तीवरची कुत्री चावतात कुणाला? तोडणीवाल्याच्या पोराला, दूध न्यायला येणाऱ्या पोऱ्याला, वाटसरूला. त्यांच्यातला कोणी दावा लावत नाही. पॉलिसी माझ्या पेटीत सुखरूप राहिली असती.

गृहस्थांचे आभार मानून अर्ज तिथेच ठेवला आणि त्याच पावली जनावरांच्या दवाखान्यात गेलो. पशुधन विकास अधिकाऱ्यांनी एका चिठ्ठीवर तारखा लिहून दिल्या. दीड-दोन महिन्यांच्या वयात पार्व्हो-डिस्टेंपरची एकत्रित लस, तीन-चार आठवड्यांनी तिचीच दुसरी मात्रा, तीन महिने पूर्ण झाले की रेबीजची, मग तिची फेरमात्रा आणि पुढे दर वर्षी एकदा. मधे जंताचे औषध. चिठ्ठी गाईंच्या विम्याच्या कागदांबरोबर खिळ्याला लावली आहे.

मुलाला कळवले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे विमा नाहीच काढला?"

"तुझ्या सोसायटीत राहायला आला तर काढीन," मी म्हणालो.

हे लिहितो आहे तेव्हा श्रावण चालू आहे. रेबीजची पहिली मात्रा झाली, दुसरी भाद्रपदात. बंड्या त्या दिवशी डॉक्टरांच्या हाताला चावायला गेला, दात बरे आहेत त्याचे. दसऱ्यानंतर कोप्या पडतील, तेव्हा तो दिवसा साखळीला राहील. हौदाचा एक नळ बांधाच्या बाजूला काढून घेतला आहे, म्हणजे पाण्याला येणाऱ्या पोरांना अंगणातून यायला नको. नळवाल्याने साडेआठशे रुपये घेतले. आई म्हणते, फार घेतले.