संदर्भ हवा

बरेच दिवस या विषयावर लिहीन लिहीन म्हणत होतो. घरच्यांना वाटतं मी रात्री ऑफिसचं काम करतो, आणि इथल्या नेहमीच्या वाचकांना वाटतं मी लिहिणंच सोडलं. दोन्ही खरं नाही. गेलं वर्षभर मी मराठी विकिपीडियावरच्या एका लेखात अडकलोय. लेख आहे गोंड चित्रकलेवरचा.

काकांनी मागे फोनवर विचारलं होतं, "तिथं कोणीही काहीही लिहितं म्हणे?" हो काका, लिहितं. आणि दुसरा कोणीही ते खोडतो. केतकरांनी ज्ञानकोशासाठी नागपुरात कंपनी काढली, शेअर विकले, २३ खंड छापले. पण त्यात चूक सापडली तर वाचकाने समासात पेन्सिलीने लिहिण्यापलीकडे काय करायचं? १ मे २००३ ला, महाराष्ट्रदिनीच, सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात तो समास सगळ्यांना मोकळा आहे. शब्दही काय छान घडवलेत तिथल्या लोकांनी! कच्चं लिहून बघायची जागा ती धूळपाटी. सगळ्यांनी मिळून बोलायची ती चावडी. आणि आपोआप शुद्धलेखन वगैरे सुधारत फिरणारा जो बॉट, त्याचं नाव सांगकाम्या. ज्याला हा शब्द सुचला त्याला माझा दंडवत.

तर आमचा लेख. आम्ही चौघं. नागपूरचे एक निवृत्त मास्तर, न्यू जर्सीतल्या एक बाई (त्यांना सगळे ताई म्हणतात, मीही), सांगलीचा एक कॉलेजचा मुलगा आणि मी. एकमेकांचा चेहरा पाहिलेला नाही. सुरुवातीचा मजकूर इंग्रजीवरून उतरवलेला होता, आणि त्यात एक वाक्य होतं: १९८१ मध्ये चित्रकार ज. स्वामिनाथन यांनी जनगढसिंह श्याम यांचा शोध लावला. मास्तरांनी चर्चापानावर एवढंच लिहिलं, "जनगढ हरवले होते काय?"

त्या एका क्रियापदावर आम्ही आठ दिवस भांडलो. सांगलीकर म्हणाला, सगळ्या इंग्रजी पुस्तकांत तसंच आहे. ताई म्हणाल्या, पुस्तकातली माहिती घ्यायची, पुस्तकाची नजर कशाला घ्यायची? शेवटी असं ठरलं: भोपाळच्या भारत भवनासाठी कलाकृती जमवत फिरणाऱ्या स्वामिनाथन यांच्या चमूने १९८१ मध्ये तेव्हाच्या मंडला (आताच्या दिंडोरी) जिल्ह्यातल्या पाटनगढ गावी जनगढ यांची भिंतीवरची चित्रे पाहिली. वाक्य लांबलं, पण त्यात कोणी कोणाला शोधत नाही. पुढचं सोपं होतं. १९८९ चं पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातलं प्रदर्शन, भोपाळच्या विधानभवनातली भित्तिचित्रं, २००१ मध्ये जपानच्या मिथिला म्युझियममध्ये काम करत असताना झालेला मृत्यू. या शेवटच्या ओळीवरही कोणी चटकदार काही लिहून जातं, आणि मास्तर शांतपणे पूर्ववत करतात.

नावाचा वाद अजून मिटलेला नाही. जनगढ हे परधान गोंड. परधान म्हणजे गोंडांचे भाट. यजमानाच्या घरी जाऊन वाद्यावर देवांच्या, राजांच्या, कुळांच्या कथा गायच्या हे त्यांचं पिढीजात काम. मग या शैलीला गोंड म्हणायचं, परधान म्हणायचं, की भोपाळकर म्हणतात तसं जनगढ कलम? मला वाटतं तिसरं नाव सर्वात प्रामाणिक आहे, पण मत माझं एकट्याचं पडलं. असो.

खरी गोष्ट यापुढे सुरू होते. एके दिवशी कोणा बिननावाच्या माणसाने (नुसते आकडे दिसतात तेव्हा) लेखात एक ओळ घातली: "यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यातही गोंड स्त्रिया दिवाळीत घराच्या भिंतींवर चित्रे काढतात." मी पांढरकवड्याचा. केळापूर तालुक्याचं मुख्य ठिकाण पांढरकवडा, हे बाहेरच्यांना सांगून सांगून आमचं तोंड दुखतं. ओळ वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. दुसऱ्या दिवशी तिच्या शेपटाला छोट्या अक्षरांत लागलं: [संदर्भ हवा]. आणि महिन्याभराने ओळ गेली. काढली सांगलीकराने, नियमाला धरून काढली, आणि कारणही नीट लिहिलं.

मी संदर्भ शोधायला लागलो. रसेल आणि हिरालाल यांचे १९१६ चे चार खंड जातीजमातींचे. त्यात गोंडांवर पानंच्या पानं आहेत, आमच्या भिंतीवर नाही सापडलं. शामराव हिवाळ्यांचं १९४६ चं परधानांवरचं पुस्तक नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातलं. व्हेरियर एल्विनचं १९५१ चं मध्य भारताच्या आदिवासी कलेवरचं, पण त्याचा मुक्काम मंडला, बस्तर, ओरिसाकडे. हायमेनडॉर्फ १९४० च्या दशकात आदिलाबादच्या राजगोंडांत राहिला, म्हणजे पाटणबोरीवरून पैनगंगा ओलांडली की पलीकडेच. तेव्हा पलीकडे निजामाचं राज्य होतं आणि त्याचं काम तिकडे होतं. नदीच्या या काठाला तो आला असता तर आमच्या ओळीला संदर्भ मिळाला असता! इतकं साधं आहे हे. कुठली भिंत कलेत जमा होणार हे एखाद्या साहेबाचा तंबू कुठे पडला त्यावर ठरतं.

तरीही मी नियमाच्या बाजूचा आहे. आमच्या तालुक्यातल्या एका देवळाबद्दल लोकांनी काय काय लिहून ठेवलं होतं ते मी पाहिलंय. पाच हजार वर्षं जुनं, पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं... संदर्भ मागितला नाही तर ज्ञानकोशाचं कीर्तन होतं. पण मग परधान काय करत होते? कुठलं कूळ चार देवांचं, कुठलं सहाचं, कुठलं सातचं हे ते गाऊन सांगत, आणि चुकलं तर समोर बसलेली म्हातारी माणसं तिथल्या तिथे टोकणार. यालाही चर्चापानच म्हणायचं ना? फक्त इतिहासाची कळ दाबून जुन्या आवृत्त्या बघता येत नाहीत.

हे मी चर्चापानावर लिहिलं. ताई तेव्हा 'कोरियन कला' हा लेख मराठीत आणत होत्या. त्यांनी उत्तरात मिन्ह्वाबद्दल लिहिलं. मिन्ह्वा म्हणजे कोरियातली लोकचित्रं. वाघ आणि मॅगपाय पक्षी, फुलं, मासे. काढणारे बहुतेक अनामिक, चित्रावर सही नाही. आणि या चित्रांना मान मिळवून देण्यात मोठा वाटा यानागी सोएत्सु या जपानी माणसाचा, तोही कोरिया जपानच्या ताब्यात असताना. "म्हणजे तुमचे एल्विनच," ताईंनी लिहिलं. मला ते थोडं लागलं आणि पटलंही. मास्तरांनी आणखी एक धागा दिला: २०११ मध्ये अचल प्रभाला यांनी 'पीपल आर नॉलेज' नावाचा प्रयोग केला होता, मल्याळम, हिंदी आणि आफ्रिकेतल्या सेपेडी भाषेसाठी. गावच्या जाणत्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायच्या आणि तोच संदर्भ म्हणून लेखाला जोडायचा. त्यावर बराच वाद झाला, सरसकट नियम काही बदलला नाही. आमच्यापुरतं सांगलीकराचं उत्तर होतं, "उद्या कोणीही आपल्या आजोबांची मुलाखत लावेल." मुलगा हुशार आहे. त्याला उत्तर देणं अवघड जातं.

मग निदान फोटो तरी लावू म्हटलं. स्वतः काढलेल्या फोटोला पुस्तकाचा आधार लागत नाही. दिवाळीला गावी गेलो तेव्हा मित्राबरोबर एका वस्तीवर गेलो. भिंत पांढऱ्या मातीने पोतारलेली, खाली गेरूचा पट्टा, त्यावर मोर, बैलजोडी आणि हात धरून नाचणाऱ्यांची रांग. बोटाने आणि काडीला गुंडाळलेल्या चिंधीने काढलेली. फोटो छान आले. पण परवाना वाचायला बसलो तर गाठ पडली. रस्त्यातल्या पुतळ्याचा फोटो आपल्या कायद्याने चालतो, भिंतीवरच्या चित्राला ती सवलत नाही. काढणाऱ्याची परवानगी लागते. आणि परवानगी म्हणजे साधीसुधी नाही. ते चित्र जगात कोणीही वापरावं, बदलावं, साड्यांवर छापून विकावं, फक्त नाव द्यावं. नाव कोणाचं? काहीच न करता चढवला तर फोटो काढणाऱ्याचं, म्हणजे माझं!

दुसऱ्या दिवशी परत गेलो आणि मावशींना हे सगळं समजावून सांगायचा प्रयत्न केला. साड्यांचं ऐकून त्या हसल्या.

"कायले रे बाप्पा इतकं? येत्या दिवाईले पोतारलं का गेलं सारं."

"तरी मावशी, तुमचं नाव लागेल खाली. विचारल्याशिवाय कसं लावू?"

त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "लिवतच असशीन त माहेरचं लिव. चित्र मायनं शिकवलं, सासूनं नाही." आणि आईचं नाव सांगितलं, आजीचंही सांगितलं, आणि माहेरचं कूळ किती देवांचं तेही.

परवानगीचा मसुदा मी मराठीत केलाय, ताई तो तपासताहेत. साड्यांचं वाक्य त्यांना खटकतंय. मावशींच्या मुलीला तो मोठ्याने वाचून दाखवायचा, मग सही किंवा अंगठा, मग फोटो चढवायचा, असं ठरलंय. फोटोखाली तीन पिढ्यांची नावं लावायची की नाही यावर सांगलीकराने चर्चापानावर नवा विभाग उघडला आहे. मास्तर अजून काही बोललेले नाहीत. काल रात्री बघितलं तर पानात एकच बदल झाला होता; सांगकाम्या येऊन दोन वेलांट्या दुरुस्त करून गेला होता.