एक्का-गुलाम

आजचा विषय पत्ते. नाक मुरडणाऱ्यांनी सरळ पुढच्या शनिवारी यावं :)

दिवाळीत मामाच्या घरी तीन पत्ती खेळून मोठा झालेला माणूस स्वतःला पत्त्यांतला दादा समजतो. मीही समजायचो. मग इकडे अमेरिकेत आलो आणि ऑफिसातल्या पोरांनी टेक्सस होल्डेम शिकवलं. नियम दहा मिनिटांत कळतात. प्रत्येकाला दोन पानं, पालथी. नंतर टेबलावर मधोमध पाच पानं उघडतात, ती सगळ्यांची. त्यातली पहिली तीन एकदम उघडतात, तो फ्लॉप. पण त्याच्याही आधी बोलीची एक फेरी असते. हातातली दोन पानं बघायची आणि ठरवायचं, खेळायचं की पॅक. बस. सगळी गोम इथेच आहे.

आता हे म्हणजे आपल्या इंजिनियर लोकांचं लाडकं काम. बावन्न पानांतून दोन पानं १३२६ प्रकारे येऊ शकतात. इस्पिक-बदामाचा भेद सोडला आणि 'दोन्ही एकाच कलरची आहेत का' एवढंच पाहिलं, की उरतात १६९. डेव्हिड स्क्लान्स्की आणि मेसन माल्मथ या दोघांनी १९८८च्या पुस्तकात चांगल्या पानांचे चक्क आठ गट पाडून ठेवले आहेत. मी तक्ता पाठ केला. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा. वेगवेगळ्या कलरची सत्ती-दुर्री सगळ्यात भिकार. दहावीच्या सनावळ्यांसारखं सगळं तोंडपाठ!

आणि अशा तयारीनिशी आम्ही चौघं एका वीकेंडला लास वेगासला गेलो.

एक-दोन डॉलरचं टेबल, नऊ जण, माझ्यापुढे तीनशे डॉलर. पहिले दोन तास मी अगदी आदर्श विद्यार्थी होतो. पॅक, पॅक, पॅक. खऱ्या टेबलावर तासाला जेमतेम तीसेक डाव होतात, त्यातले पंचवीस तुम्ही नुसते बघत बसता. सिनेमात हे कोणी दाखवत नाही. शेजारचा तरुण काहीही घेऊन खेळत होता आणि जिंकतही होता. मला आठवायला लागलं की डॉइल ब्रन्सनने १९७६ आणि १९७७, दोन्ही वर्षी वर्ल्ड सीरीजचा शेवटचा डाव दश्शी-दुर्रीवर मारला होता. मन असले पुरावे बरोब्बर शोधून आणतं.

मग आली एक्का-गुलाम. वेगवेगळ्या कलरची. मी सगळ्यात आधी बोलणारा. तक्ता सांगत होता, या जागेवरून पॅक. पण दोन तासांत प्रथमच एक्का दिसला होता हो! दहा डॉलर लावले. टोपीवाल्या एका आजोबांनी शांतपणे दहा टाकले, बाकी सगळे पॅक. फ्लॉपवर एक्का. मी वीस, आजोबा वीस. मी पन्नास, आजोबा पन्नास. शेवटच्या पानावर मी उरलेले सगळे ढकलले. आजोबांनी पानं उलटली: एक्का-राजा.

तीनशेतले दोनशेऐंशी गेले. मग मी उठलो, एटीएममधून आणखी तीनशे काढले, आणि ते कसे गेले हे सांगण्यासारखं नाही. घरी बायकोला सांगितलं, "दोनशे हरलो."

परत आल्यावर हिशेब मांडला. माझ्याकडे एक्का-गुलाम असताना मला खरंच मारणारी पानं कोणती? एक्के, राजे, राण्या, गुलाम यांच्या जोड्या, शिवाय एक्का-राजा आणि एक्का-राणी. उरलेल्या पन्नास पानांतून ही ४२ प्रकारे येतात. एकूण शक्यता १२२५. म्हणजे एका माणसाकडे असण्याची शक्यता साडेतीन टक्क्यांच्या आत. किरकोळ वाटतं ना? पण माझ्यामागे आठ जण बोलायचे होते. आठांपैकी निदान एकाकडे असण्याची शक्यता जवळजवळ चारात एक. तीच पानं बटणावर, म्हणजे मागे दोनच जण उरलेले असताना आली असती, तर पंधरात एक. पान तेच, खुर्ची बदलली की किंमत बदलली. शिवाय आजोबांच्या एक्का-राजासमोर एक्का-गुलाम चारातून तीनदा हरते. आणि एक्का आला म्हणून मी खूश झालो, तो एक्का आजोबांचाही होताच की. वाईट पानांनी एवढं नुकसान होत नाही, ती आपण फेकतो. मारतात ती 'बरी' पानं.

महिनाअखेरीला बँकेचं स्टेटमेंट आलं. बायको खाते तपासते, एटीएमची ओळ तिला दिसली. मी खरं काय ते सांगितलं, आणि स्वतःला वाचवायला हा ४२ भागिले १२२५चा हिशेबही दाखवला. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"हे तुला तिथे माहीत नव्हतं?"

"एवढे आकडे नव्हते. पण पॅक करायचं हे माहीत होतं."

"म्हणजे अरे, तू हुशारीत कमी नाही पडलास. तू कंटाळलास. कंटाळ्याचे सहाशे डॉलर. आणि चारशे लपवलेस ते कशाचे?"

याला उत्तर नव्हतं. पुढचे काही दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं होतं.

हल्ली महिन्यातून एकदा एका मित्राकडे बसतो, वीस डॉलरच्या वर नाही. गेल्या वेळी पुन्हा तेच: सगळ्यात आधी बोलायचं, हातात एक्का-गुलाम. पॅक केलं. फ्लॉपवर एक्का आणि गुलाम दोन्ही आले. पोटात खड्डा पडला, खोटं कशाला सांगू. पण पॅक करणं बरोबर होतं हे फ्लॉप बघून ठरत नाही, हे आता कुठे पचायला लागलंय.

घरी आलो तर ती जागीच होती.

"किती?"

"बारा हरलो."

"खरे बारा?"

"खरे बारा."

असो. पुढच्या शनिवारी पत्ते नाहीत, नक्की.