उसाच्या गावातलं परडं

कागल तालुक्यात दूधगंगा-वेदगंगेच्या काठानं बघावं तिकडं ऊस. कारखान्याचं बिल हंगामात येतं, तेही सोसायटीचं कर्ज वळतं होऊन. रोज सकाळी कालवणाला काय, हा प्रश्न मात्र बाईपुढंच येतो. त्याचं उत्तर घरामागच्या परड्यात असतं.

परडं म्हणजे अर्धा-एक गुंठा, कुठं नुसती भिंतीकडेची पट्टी. न्हाणीचं पाणी जातं तिथं अळू नि केळ, कुंपणावर घेवडा, गोठ्याच्या पत्र्यावर दोडका, कोपऱ्यात शेवगा. मेथी-पोकळा एकदम पेरत नाहीत. आठ-पंधरा दिवसांच्या अंतरानं टाकले की एक वाफा संपतोय तोवर दुसरा खुडायला येतो. मावा पडला की चुलीतली राख दव असतानाच धुरळायची. ओल्या पानालाच ती धरते.

खरी जपणूक बियाण्याची. वेलावरचा सगळ्यात चांगला दोडका बियाला राखायचा, त्याला कुणी हात लावायचा नाही. तो तिथंच वाळतो, हलवला की बी खुळखुळतं. ते राखेत घोळून गाडग्यात जातं. मृगाला दुकान गाठावं लागत नाही, शेजारणीलाही चार बिया मिळतात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच काम वाढवून गावठी वाणांची बँक उभी केली. त्यांना 2020 ची पद्मश्री जाहीर झाली नि या शहाणपणाची सरकारदरबारी दखल घेतली गेली.

ही दखल घ्यायलाच हवी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. लोहाच्या गोळ्या हव्यातच, पण ताटात रोज पालेभाजीही हवी, वर लिंबू पिळलेली. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळं भाजीतलं लोह अंगी लागतं. ‘उमेद’ अभियान बचत गटांच्या बायकांकडून पोषण परसबागा लावून घेतं, ते यासाठीच.

आणि पैसा. सातबारा बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर, उसाचं बिलही त्याच्याच खात्यात. जास्तीची भेंडी-गवारी पाटीतून बाजारात गेली की येणारी चिल्लर मात्र बाईच्या हाती राहते. पोराची वही, स्वतःचं औषध, कुणाला न विचारता.

या परड्याला आता दोन धोके आहेत. उसात २,४-डी हे तणनाशक फवारताना वारा घराकडं असला की भेंडी-टोमॅटोची पानं आकसतात. फवारणाऱ्यानं आधी वारा बघावा. दुसरा धोका नव्या बांधकामाचा. मागच्या दारापर्यंत काँक्रीट ओतलं जातं नि न्हाणीचं पाणी थेट गटारीत जातं. गवंड्याला नकाशा सांगण्याआधी मागची जागा किती सोडायची, हे घरच्या बाईला विचारावं.