विंचवाचे बिऱ्हाड आणि घरची मंडळी

परदेशी गेलेले मनुष्य आता कोणत्या घरात नाही? कोणाचा मुलगा शिक्षणासाठी गेलेला असतो, कोणाची सून नोकरीसाठी. परंतु त्यांचा पत्ता ठरलेला असतो, जेवणाखाण्याची सोय लागलेली असते, आणि दोन वर्षांनी ती मंडळी कोठे असतील हे घरच्यांस साधारण ठाऊक असते. याच्या उलट, जे मनुष्य काही कामाकरिता नव्हे तर केवळ जग पाहावे म्हणून पाठीवर पिशवी टाकून निघाले आहे आणि ज्याचा मुक्काम दर चार दिवसांनी हलतो, त्याच्या घरची स्थिती निराळी असते. त्या घरास बसल्या जागी त्याच्याबरोबर हिंडावे लागते. आमच्या थोरल्या बंधूंची कन्या सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईहून निघाली. तेव्हापासून आम्ही पुण्यात बसून जो प्रवास केला, त्याचा हा वृत्तांत आहे.

जाण्यापूर्वी घरात जे व्हावयाचे ते सर्व झाले. सत्तावीस वर्षांच्या मुलीने चांगली नोकरी सोडून हिंडावयास जावे, हे बंधूंना पटेना. वहिनींना पटले, पण बोलवेना. आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या आमच्या मातोश्रींनी एवढेच विचारले की, पिशवीचे ओझे किती? नऊ किलो, असे कळल्यावर त्या म्हणाल्या, "मग जाऊ दे. आम्ही काशीला गेलो तेव्हा नुसत्या भांड्यांचे ओझे याहून जास्त होते." येथे वाद संपला.

अप्पा बळवंत चौकातून जगाचा एक मोठा नकाशा आणून तो माजघरात लावला. मुक्काम कळला की धाकट्या चिरंजीवांनी तेथे टाचणी टोचावी, असा नेम झाला. पश्चिमेकडे तोंड करून निघावयाचे आणि पूर्वेकडून घरी यावयाचे, असा तिचा बेत होता. अमेरिकेचा व्हिसा पारपत्रावर असल्यामुळे तुर्कस्तान, मेक्सिको, कोलंबिया, पेरू या देशांची दारे तिला पुष्कळच सुलभ झाली होती. आपल्या लोकांना व्हिशाच्या वाटेनेच जगाचा नकाशा वाचावा लागतो, ही गोष्ट आम्हांस तेव्हा प्रथम कळली.

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. एवढ्या अवधीत मागे राहिलेल्यांनी काय केले असेल, असा विचार पूर्वी मनात येई तेव्हा त्यांची कीव वाटे. आता तशी वाटत नाही. पत्राला दीड महिना लागणार हे ज्यास ठाऊक आहे, तो दीड महिना स्वस्थ बसतो. ज्याच्या हातात व्हॉट्सॲप आहे, तो पाठविलेल्या निरोपापुढे दोन निळ्या खुणा उमटल्या नाहीत म्हणून रात्री दोनदा उठतो. वहिनी उठत असत, आणि बंधू झोपेचे सोंग घेऊन पडलेले असत.

पहिले चार महिने मोठ्या आनंदाचे गेले. जॉर्जिया देशात तिबिलिसी येथे ती उतरली, तेव्हा तेथे खावयास काय मिळणार याची घरात काळजी होती. परंतु तेथील ख्रिस्ती लोक वर्षातून पुष्कळ दिवस उपवास पाळतात, आणि त्या दिवसांत मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात. त्यामुळे खाणावळीत उपवासाचे पदार्थ म्हणून मागितले की घेवड्याची उसळ आणि अक्रोडाचे वाटण भरलेली वांगी समोर येतात. भरली वांगी उपवासाला चालतात, हे ऐकून मातोश्री दोन दिवस हसत होत्या.

मेक्सिकोतून तिने पाठविलेल्या चित्रांत एक बाई मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, दगडावर वाटून, तव्यावर भाकऱ्या भाजताना दिसली. वहिनींनी तो व्हिडिओ सात वेळा पाहिला आणि निकाल दिला की, हात आपल्यासारखा नाही, पण बाईला येते. त्याच बाजारात राजगिऱ्याच्या वड्या होत्या. आपल्याच, तशाच. तेथे त्यांना 'आलेग्रिया' म्हणतात. त्याचा अर्थ आनंद. तेव्हा चिरंजीवांनी शोध केला, आणि जी माहिती हाती आली तिने घरात खळबळ उडाली. राजगिरा मूळचा तिकडचा. बटाटा पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरांतला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, रताळे तिकडचे, आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोही तिकडचा. हा सर्व माल पोर्तुगीजांसारख्या दर्यावर्दी लोकांच्या गलबतांतून गेल्या चार-पाच शतकांत इकडे आला. म्हणजे एकादशीच्या ताटातील वरी तेवढी जुन्या जगाची, बाकीचे ताट समुद्रापलीकडचे! मातोश्रींनी हे शांतपणे ऐकून घेतले. "म्हणजे पोरगी आजोळी गेली आहे म्हणायची," असे त्या म्हणाल्या.

मार्च २०२० च्या आरंभी ती पेरूतील कुस्को या शहरी होती. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. तेथे डोके दुखते, असे तिने कळविले. आम्ही आल्याचा काढा सुचविला.

१५ मार्चच्या रविवारी रात्री पेरूच्या राष्ट्राध्यक्षांनी करोनामुळे आणीबाणी पुकारली, आणि दुसऱ्या दिवशी मध्यरात्री देशाच्या सीमा बंद झाल्या. आमच्याकडे तेव्हा सोमवारची सकाळ होती. साडेदहा तासांचे अंतर. राजधानी लिमा कुस्कोपासून मोटारीने एका दिवसाच्या वाटेवर. विमानाची तिकिटे तासाभरात संपली. ती तेथेच राहिली. २२ मार्चपासून हिंदुस्थानातही परदेशाहून येणारी प्रवासी विमाने थांबली, आणि २५ तारखेस, ऐन पाडव्याच्या दिवशी, आम्हीही घरात कोंडले गेलो. त्या सकाळी गुढी उभारली ती गॅलरीत. तिने तिच्या धर्मशाळेच्या खिडकीतून हातरुमालाची गुढी दाखविली. कोणी फारसे बोलले नाही.

त्यानंतर नकाशावरची टाचणी तीन महिने हलली नाही. एप्रिलच्या आरंभी काही दिवस तेथे नियम होता की पुरुषांनी सोमवार, बुधवार, शुक्रवारी बाहेर पडावे आणि स्त्रियांनी मंगळवार, गुरुवार, शनिवारी. रविवारी कोणीच नाही. तेव्हा घरातील स्त्रिया मंगळवारी तिच्याबरोबर भाजीला जात. खरेच जात: भ्रमणध्वनी तिच्या हातात, आणि येथे चौघीजणी पडद्याभोवती. पेरूत बटाट्याच्या हजारो जाती आहेत. जांभळे, काळे, बोटासारखे लांब. आणि रात्रीच्या थंडीत गोठवून, पायांनी तुडवून, उन्हात वाळविलेले, जे वर्षानुवर्षे टिकतात. आमच्या काकू म्हणाल्या, बटाट्याचे सांडगेच की हे!

एप्रिलच्या मध्यास मातोश्रींना ताप आला. त्या दिवसांत ताप म्हणजे काय, हे वाचकांस सांगावयास नको. त्यांना रुग्णालयात नेले आणि कोणासही भेटू देईनात. पोरगी एवढ्या दूर एकटी, तिला कळवावयाचे नाही, असे बंधूंनी ठरविले आणि सर्वांनी मान्य केले. चार दिवस निभावले. पाचव्या दिवशी तिने विचारले, "आजीची खुर्ची रिकामी का?" झोपली आहे, असे वहिनी म्हणाल्या. "तिकडे सकाळचे अकरा वाजलेत, आई."

मग ती जे बोलली त्याने सर्वांची तोंडे बंद झाली. कुस्कोत पोहोचल्यावर तिला नुसती डोकेदुखी झाली नव्हती. दोन दिवस प्राणवायू लावावा लागला होता. तिच्या नाशिकच्या आणि बंगळूरच्या मैत्रिणींना ते त्याच रात्री ठाऊक होते. आम्हांस काढा सुचवू दिला होता. सहा महिने एकाच प्रवासाची दोन वृत्ते चालली होती, एक मैत्रिणींसाठी आणि एक घरासाठी, आणि घरच्या वृत्तात सर्वत्र सूर्य तळपत होता. "मी लपवले, तुम्ही लपवलेत. आता पुरे. मला रोजचा ताप आकड्यांत हवा, आणि माझेही मी आकड्यांत सांगेन." बंधू उठून आत गेले. थोड्या वेळाने त्यांनीच तिला पहिला आकडा पाठविला: १००.४.

मातोश्री नवव्या दिवशी घरी आल्या. तो ताप करोनाचा नव्हता.

मुलगी जूनअखेरीस आली. एका विशेष विमानाने युरोपात, तेथून वंदे भारत योजनेच्या विमानाने मुंबईस, आणि सात दिवस तेथल्याच हॉटेलात विलगवासात. ठाण्याचे आमचे मेहुणे रस्त्यावरून तिला हात हलवून आले, आणि तिसऱ्या मजल्यावर ती बारीक दिसते असे त्यांनी कळविले.

उरलेली अर्धी पृथ्वी ती २०२३ साली पुरी करावयास निघाली. चिलीतील सांतियागोहून न्यूझीलंडला जाताना वाररेषा ओलांडावी लागते आणि पंचांगातील एक दिवस गळतो. मॅजेलनच्या तांड्यातील वाचलेले खलाशी १५२२ साली परत येताना असेच एका दिवसाने चुकले होते. ती २२ नोव्हेंबरच्या रात्री उशिरा निघाली आणि ऑकलंडला २४ च्या पहाटे उतरली. २३ नोव्हेंबरला कार्तिकी एकादशी होती. हा प्रश्न मातोश्रींपुढे गेला. त्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. पंचांग डोळ्यांजवळ धरून त्यांनी थोडा विचार केला आणि सांगितले, "ती विमानात बसली म्हणून चंद्र थांबला नाही. पण तिला सांगा, पंधरा दिवसांनी आळंदीची एकादशी येते, ती धर."

त्या एकादशीला ऑकलंडहून चित्र आले: ताटात उकडलेली रताळी. त्यांना तिकडे 'कुमारा' म्हणतात, आणि गोरे लोक येण्याच्या पुष्कळ आधी माओरी लोकांनी ती होड्यांतून तेथे नेली. खाली तिने लिहिले होते, मीठ थोडे कमी पडले.