स्वस्त भाजीची किंमत

घरी बेत ठरवून बाजारात गेलं की पैसे जास्त जातात. म्हणून भिलाईतल्या सुपेल्याच्या रविवार बाजारात पहिली चक्कर मी काही न घेता मारते. जी भाजी पाच-सहा पसऱ्यांवर एकाच वेळी ढिगाने दिसते, ती त्या आठवड्याची भाजी. थंडीत लालभाजी नि हरभऱ्याचा पाला, पावसाच्या सुरुवातीला कोवळा चरोटा, पुढे अंबाडी. ऊन उतरलं की भाजी विकणारी मरारीण स्वतःच जुडीवर जुडी ठेवून "ले जा दीदी" म्हणते. महिनाअखेरीला तीच वेळ साधायची.

1955 च्या भारत-सोव्हिएत करारातून इथला पोलाद कारखाना उभा राहिला आणि देशभरची माणसं कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरांत राहायला आली. त्यामुळे एकच अंबाडी शेजारशेजारच्या घरांत तीन तऱ्हांनी शिजते. आम्ही भंडाऱ्याकडचे तीत कण्या नि मूठभर तूरडाळ घालतो, तेलुगू शेजारीण पचडी वाटते, छत्तीसगढी घरात हरभऱ्याची डाळ पडते. काटकसरीचं शिक्षण मला या शेजारातच मिळालं.

डाळही भाजीसारखीच भाव पाहून घ्यायची. तूर महागली की निम्मी मसूर किंवा कुळीथ. कुठलीही डाळ घ्या, 100 ग्रॅम कच्च्या डाळीत साधारण 20 ते 25 ग्रॅम प्रथिनं असतात. भातात लायसिन कमी असतं, ते डाळ देते. डाळीत मेथिओनिन कमी, ते भातातून येतं. तीन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ हे माझं घरगुती माप. पालेभाजीतलं लोह अंगी लागावं म्हणून वर लिंबू पिळायचं आणि जेवणावर लगेच चहा घ्यायचा नाही. याला खर्च जवळजवळ काहीच नाही.

खर्च होतो तो वेळ. मुनग्याचा, म्हणजे शेवग्याचा, पाला बाजारात सगळ्यात स्वस्त आणि गुणांनी सगळ्यात भारी, तरी तो अनेक घरांत येत नाही, कारण ती बारीक पानं खुडत बसायला कोणाला सवड आहे? यावर जुनी युक्ती आहे. डहाळ्या रात्री जुन्या लुगड्यात घट्ट गुंडाळून ठेवायच्या. सकाळी गाठोडं सोडून डहाळी झटकली की पानं आपसूक गळतात. राहिलेल्या काड्या काढल्या की लसूण-मिरचीच्या फोडणीत भिजवलेल्या मूगडाळीबरोबर पाला चटकन शिजतो.

उलट, जिथे निवडायची गरज नाही तिथे आपण तासन् तास घालवतो. रेशनच्या तांदळात शंभरात एखादा दाणा वेगळा दिसतो, धुताना कधी वर तरंगतो. "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून बायका तो वेचून फेकतात. तो तांदळाच्याच पिठाचा दाणा असतो, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 मिसळलेलं असतं. तो राहू द्यायचा. आणि भाताची पेज काढलीच तर मोरीत न ओतता डाळीत घालायची.

उन्हाळ्यात सकाळचा गॅस आणि वेळ दोन्ही वाचवते बोरे बासी. रात्रीचा भात पाण्यात भिजवायचा, सकाळी कांदा, हिरवी मिरची, दही नि मीठ घेऊन खायचा. 1 मे 2022 ला, कामगार दिनी, छत्तीसगढ सरकारने तिचा गाजावाजा केला. शेतावरचे मजूर ती पिढ्यान् पिढ्या खात आलेत. मात्र भर उन्हाळ्यात ती सकाळीच संपवावी, दुपारपर्यंत ठेवू नये.

"गरिबांनी पालेभाज्या खाव्यात" हा सल्ला देणारे जुडीचा भाव सांगतात, निवडण्याचे तास मोजत नाहीत. फर्स्ट, सेकंड, नाईट अशा पाळ्यांवर चालणाऱ्या या गावात जेवणाच्या वेळाही पाळीबरोबर फिरतात, आणि निवडण्याचं काम एकाच बाईच्या वाट्याला येतं. ती दमली की घरात बटाटा शिजतो. तिला दोष देण्यात अर्थ नाही. आमच्याकडे म्हणूनच सेकंड शिफ्टला निघण्याआधी नवरा हरभऱ्याचा पाला निवडून ठेवतो, मुलगा लसूण सोलतो. सुरुवातीला कुरकुर झाली, आता सवयीचं झालंय.

म्हणून पैशांचा हिशेब झाला की मी दुसरा हिशेब करते. या आठवड्यात कोणाची पाळी कोणती, घरात निवडायला किती हात आहेत, तेवढ्याच जुड्या पिशवीत पडतात.