केसगळती : कमतरता की अतिरेक?

केस विरळ झालेले ज्येष्ठ रोहण्यातील माझ्या दवाखान्यात विचारतात, ‘डॉक्टरसाहेब, कशाची कमी आहे? एखादी गोळी लिहून द्या.’ पोषकद्रव्यांच्या अतिरेकानेही केस जातात, हे त्यांना सहसा पटत नाही. मग मी आपल्याच विदर्भातील शेगाव तालुक्याची आठवण देतो.

डिसेंबर 2024 च्या अखेरीस तेथील काही गावांत लहानथोरांचे केस अवघ्या काही दिवसांत गळून टक्कल पडू लागले. प्रथम संशय पाण्यावर गेला. फेब्रुवारी 2025 मध्ये महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी आपले निष्कर्ष मांडले : रुग्णांच्या शरीरात सेलेनियम फार वाढलेले, झिंक मात्र घटलेले, आणि त्या सेलेनियमचा उगम रेशनच्या गव्हात. सेलेनियम शरीराला हवेच. परंतु दिवसाला सुमारे 40 मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा पंचविसावा भाग!

कपाळाकडून वर्षानुवर्षे मागे सरणारे केस बहुधा आनुवंशिक असतात. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी ते परतत नाहीत. केस एकाएकी गळू लागले, सोबत थकवा आला वा वजन घटले, तर हिमोग्लोबिन व थायरॉइड तपासून घ्यावे. बायोटिन चालू असल्यास तपासणीपूर्वी अवश्य सांगावे. त्याने थायरॉइडचे आकडे फसवे येऊ शकतात.

घरातील ज्येष्ठांच्या औषधांचा डबा एकदा उघडून पाहा. एकच घटक दोन-तीन गोळ्यांतून पोटात जात असेल, तर तो डबाच डॉक्टरांपुढे ठेवा.