संकल्पाचे उदक

आपल्याकडे पूजेला बसले की प्रथम संकल्प सोडतात. देशकालाचा उच्चार करून तळहातावरचे उदक ताम्हनात सोडावयाचे. पुढे पूजा घडली नाही, तर ताम्हनात उरते ते नुसते पाणी! दिल्लीच्या एका सरकारी कचेरीत कारकुनी करताना मला या विधीचे वारंवार स्मरण होते. विज्ञानविषयक धोरणे वाचताना तर विशेषच.

४ मार्च १९५८ चा वैज्ञानिक धोरणाचा ठराव आजही वाचनीय आहे. विज्ञानाचे संवर्धन करावे, शास्त्रज्ञांच्या कार्याची बूज राखावी, विज्ञानाची फळे सामान्य जनांपर्यंत पोचवावीत, असा त्याचा आशय. त्यानंतर १९८३, २००३ आणि २०१३ साली नवी धोरणे आली. २०२० मध्ये आणखी एक मसुदा निघाला. संशोधनावरचा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २ टक्क्यांवर नेण्याचे लक्ष्य २००३ मध्ये होते, तेच २०१३ मध्येही होते. २०२०-२१ मधील प्रत्यक्ष खर्च मात्र ०.६४ टक्के! खाजगी उद्योगांनी आपला वाटा वाढवावा ही अपेक्षाही बव्हंशी कागदावरच राहिली.

तरी निराश व्हावे असे नाही. पुसा भागातील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेची कोनशिला जानेवारी १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीच बसली. १९६२ च्या निवडणुकीपासून मतदाराच्या बोटाला लागणारी शाई तेथेच सिद्ध झाली. तिच्यातील सिल्व्हर नायट्रेट उजेडात काळे पडते आणि साबणाला दाद देत नाही. मतदान केंद्रावर काम करताना ती शाई मी शेकडो बोटांना लावली आहे. खेड्यातून आलेल्या मजुरापासून न्यायाधीशापर्यंत सर्वांच्या अंगावर उमटलेले ते विज्ञानच नव्हे काय?

माझी धाकटी बहीण एका प्रयोगशाळेत संशोधन करते. तिची छात्रवृत्ती कधी कधी चार-चार महिने येत नाही. घरभाडे मात्र महिन्याच्या महिन्याला द्यावेच लागते. "दादा, नवे धोरण केव्हा येणार हे नको सांगूस, पैसे केव्हा येणार ते सांग," असे ती हसत म्हणते. त्या हसण्याने मला अस्वस्थ व्हायला होते. तिच्या बरोबरीची दोघे परदेशी गेली. एकाने बँकेत नोकरी धरली. त्यांना विज्ञानाची गोडी नव्हती, असे कोण म्हणेल?

संकल्प थोरांनी सोडावा, हे योग्यच. परंतु छात्रवृत्ती पहिल्या तारखेस पोचविणे, उपकरणाच्या खरेदीस वेळेवर मंजुरी देणे, हेच त्या पूजेचे खरे उपचार होत. आणि ते आम्हां कारकुनांच्या टेबलांवरच पार पडावयाचे असतात.